पाचव्या महिन्यात फडावर जाणारे जोडपे : साखर आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे

विषय : ऊसतोडणीच्या हंगामात पहिलटकरणीची आणि तिच्या नवऱ्याची नोंद

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात तोडणी कामगारांच्या घरची बरीच लग्ने उन्हाळ्यात उरकतात. गाव तेव्हाच भरलेले असते. पश्चिम महाराष्ट्रातले आणि उत्तर कर्नाटकातले गाळप आटोपून कामगार परतलेले असतात आणि पुन्हा निघायला दसरा-दिवाळीपर्यंत अवकाश असतो. वैशाखात लग्न झालेल्या मुलीला पेरणीच्या दिवसांत दिवस गेले, म्हणजे तिची शेवटची पाळी १५ जूनच्या आसपासची धरली, तर २८० दिवसांच्या हिशेबाने बाळंतपणाची तारीख २२ मार्च येते. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला, जसा तो २०२३ मध्ये झाला, तर टोळीची गाडी गाव सोडते त्या दिवशी तिचा विसावा आठवडा भरत आलेला असतो. पहिलटकरणीला बाळाची हालचाल जाणवू लागते ती याच सुमारास. तिथून पुढचे साडेचार महिने, गरोदरपणाचा सगळा जड भाग, ती उसाच्या फडात काढते. लग्न, पाऊस, पेरणी आणि गाळप यांचे वेळापत्रक दरवर्षी असेच एकमेकांत बसते. त्यामुळे दर हंगामात फडावर पहिलटकरणी असणार, हे टोळ्या निघण्याच्या कितीतरी आधी सांगता येते. बीडच्या आरोग्य विभागाच्या तपासणीतील जी आकडेवारी २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आली, तिच्यात ऊसतोडीला गेलेल्या गरोदर स्त्रियांची संख्या १,५२३ होती. ही एका जिल्ह्याची संख्या झाली. पाथर्डी, शेवगाव, गंगाखेड, चाळीसगाव, नांदगाव या भागांतूनही टोळ्या निघतात.

तोडणीची मजुरी माणशी ठरत नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. उचलही त्याच मापाने मिळते. पावसाळ्यात, आणि पुष्कळदा लग्नाच्या खर्चालाच, जोडप्याच्या नावावर पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत रक्कम उचललेली असते. ती हंगामात ऊस तोडून फेडायची असते. अशा रीतीने मुलीला दिवस राहण्याच्या आधीच तिच्या दोन हातांची पुढच्या हंगामाची मजुरी घेतलेली आणि खर्चलेली असते. घरात आनंदाची बातमी येते तेव्हा उचल परत करायला पैसे उरलेले नसतात.

या उचलीचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायरगाडी या तोडणी-वाहतुकीच्या प्रकारांनुसार दरांत थोडाफार फरक असतो, तो इथे बाजूला ठेवला आहे. धडधाकट जोडपे दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहनात भरून देते. म्हणजे दिवसाचे ७३२ रुपये झाले. लाख रुपयांची उचल फिटायला या दराने १३७ दिवस लागतात. १ नोव्हेंबरपासून १३७ दिवस मोजले की मार्चचा मध्य येतो. दिवस भरत आलेल्या त्या मुलीला अखेरच्या आठवड्यापर्यंत फडात उभे राहावे लागते ते या गणितामुळे. आठव्या महिन्यात, समजा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ती थांबली आणि नवरा एकटाच टनभर तोडत राहिला, तर दीड महिन्यात निव्वळ मजुरीची तूट १६,४७० रुपयांची होते. त्यावर खाडा आहे. कामावर न आलेल्या दिवसाचा दंड ठिकठिकाणी पाचशे ते हजार रुपये घेतला जातो. पाचशेच धरले तरी ४५ दिवसांचे २२,५०० रुपये होतात. दोन्ही मिळून ३८,९७० रुपये. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मिळणारी रक्कम ५,००० रुपये आहे आणि तीही दोन हप्त्यांत. विश्रांतीचा सल्ला देणारी परिचारिका आणि तो न मानणारी सासू यांच्यामध्ये हे ३८,९७० रुपये उभे असतात. सासूला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

तिला गावी ठेवून नवऱ्याने एकट्याने जावे, असे सुचवणे सोपे आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठवाड्यातही आहेच. पण तोडणी कामगाराच्या मुलीचे लग्न बहुधा तोडणी कामगाराच्याच घरात झालेले असते, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सासर आणि माहेर या दोन्ही घरांना कुलूप असते. आई सांगलीच्या बाजूला कुठे तरी फडात, सासू सोलापूरच्या बाजूला. गावात उरतात ती फार म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे. तिथे रात्री पोटात दुखू लागले तर गाडी आणायलाही कोणी नसते. फडावर निदान नवरा जवळ असतो आणि शेजारच्या कोपीत दोन पोरांची आई असलेली एखादी बाई असते. जोडप्याने एकत्र जाण्याचा निर्णय त्यामुळे बेफिकिरीचा म्हणता येत नाही. दोन धोक्यांपैकी ज्यात सोबत आहे तो धोका ते पत्करतात. सातव्या महिन्याची ओटी मग डिसेंबर-जानेवारीत, कोप्यांच्या ओळीपुढे, टोळीतल्या बायका भरतात तेवढीच.

कोपी म्हणजे बांबूच्या काटक्यांवर चटया, पाचट किंवा ताडपत्री टाकून उभे केलेले, वाकून आत जायचे छप्पर. नव्या संसारात ते सगळे काही असते. मागे धान्याचे पोते आणि पत्र्याची पेटी, दाराशी तीन दगडांची चूल, रात्री मोबाइलच्या उजेडात किंवा लहानशा सौर दिव्यावर जेवण. दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाहेर जाण्यासाठी अंधारच लागतो, कारण तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, बहुतेक ठिकाणी संडास नसतो. मग पाणी भरणे, दोघांच्या दिवसभराच्या भाकरी थापणे, आणि उजाडताना फड गाठणे. थंडीच्या दिवसांत उसाच्या पाल्यावर दव असते आणि पाल्याची धार हाता-तोंडाला कापते. नवरा बुडख्यात कोयता घालून ऊस आडवा करतो, शेंडा छाटतो. बायको पाचट सोलते, कांड्या गोळा करते, छाटलेल्या शेंड्याच्या, म्हणजे वाढ्याच्याच आळ्याने मोळी आवळते. या कामांची वाटणी पक्की नसते. दोघेही तोडतात, दोघेही बांधतात. दुपारी फडाच्या कडेला भाकरी खाऊन पुन्हा काम, आणि मग भरणी.

गरोदर बाईच्या दृष्टीने सगळ्यात वाईट काम भरणीचे. मोळी तीस-चाळीस किलोची असते. ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून किंवा शिडीवरून वर चढायचे, वरच्या माणसाकडे द्यायची, उतरायचे, पुन्हा चढायचे. वाहन कधी येईल हे टोळीच्या हातात नसते. कारखान्याच्या पाळीप्रमाणे ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर भरणी रात्री अकराला होते. पोट पुढे आलेल्या बाईचा तोल बदललेला असतो, पायाखालचे तिला नीट दिसत नाही. फळीवरून पाय घसरून पोटावर आपटले तर वार वेळेआधी सुटू शकते, आणि त्यात आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. पाचव्या महिन्यापासून पुढे जड वजन उचलू नये आणि उंचावर चढू नये, ही सूचना कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. तोडणीच्या कामात ही दोन्ही कामे रोजची आहेत.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. फडात आडोसा नसल्यामुळे बायका दिवसभर पाणी कमी पितात. पाणी टँकरचे किंवा विहिरीचे असते, तेही लांबून आणावे लागते. कमी पाणी आणि तासन्‌तास रोखून धरलेली लघवी यांमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गरोदरपणात तो जास्त सहज होतो आणि उपचार न झाल्यास कळा वेळेआधी सुरू होण्याचा, बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. एका साध्या लघवी तपासणीत तो सापडतो आणि स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. फडावरच्या मुलीला जळजळ आणि कंबरदुखी होते तेव्हा ती या दिवसांतली नेहमीचीच म्हणून सोसते. तळावर दोन-चार आडोसे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी असती, तर यातला मोठा भाग औषधाविनाच टळला असता.

आहाराचे थोडक्यात सांगता येते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात नेहमीपेक्षा दिवसाला सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात, आणि हे कष्ट न करणाऱ्या बाईचेही माप आहे. फडावरचे जेवण भाकरी, एखादी पातळ भाजी, ठेचा, चटणी. आठवड्याची खर्ची मुकादमाकडून मिळते, तीही उचलीत धरली जाते. वाढे जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून जे चार पैसे हातात येतात, त्यातून तेल-मीठ-भाजी होते. अंडी, दूध, शेंगदाणे या पैशांतून किती येणार? गावातल्या अंगणवाडीतून तिला गरोदर माता म्हणून पोषण आहार मिळत होता. तळाच्या जवळच्या अंगणवाडीतही स्थलांतरित म्हणून तिचा हक्क आहे, पण तो मागायला दुपारच्या वेळी काम सोडून दोन-तीन किलोमीटर जावे लागते आणि बाईंना आपण कोण ते पटवावे लागते. शिधापत्रिकेचे धान्य दुसऱ्या गावात उचलण्याची सोय आता आहे. ज्यांची शिधापत्रिका सासऱ्यांच्या नावावर आहे आणि नव्या सुनेचे नाव अजून चढलेले नाही, त्यांना या सोयीचा फार उपयोग होत नाही.

नवऱ्याविषयी या विषयावरच्या लिखाणात क्वचितच काही असते. तो वीस-बावीस वर्षांचा असतो. बायकोची चाल मंदावते तसे तिच्या वाटचे काम तो स्वतःवर घेतो. मोळ्या तोच चढवतो, तिला खाली मोळ्या बांधायला ठेवतो, पाण्याचे हंडे अंधारात आणून ठेवतो, कधी भाकरीही थापतो. टोळीतल्या इतरांना हे दिसते आणि थट्टाही होते. पण दोघांचे दोन टन एकट्याने निघत नाहीत. तिला दवाखान्यात न्यायचे ठरले तर त्या दिवशी पूर्ण कोयता बसतो आणि खाडा दोघांचा पडतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पुरुषाला बाळाच्या जन्मासाठी पंधरा दिवसांची भरपगारी रजा आहे. तोडणीतल्या बापाला एका दिवसाचीही नाही, आणि त्याने घेतलेल्या दिवसाचे पैसे त्यालाच भरावे लागतात. जन्माच्या वेळी बाप जवळ असावा ही अपेक्षा दोन्ही ठिकाणी सारखीच रास्त आहे.

तपासण्यांचे वेळापत्रक आणि हंगामाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हाव्यात असा आरोग्य खात्याचा दंडक आहे. पहिली बाराव्या आठवड्यापर्यंत, दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांत, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांत आणि चौथी छत्तिसाव्या आठवड्यानंतर. पहिली तपासणी गावात होते. आशाताई घरी येते, नाव नोंदवते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, धनुर्वाताची लस होते. दुसरी जमली तर निघण्याआधी होते. रक्तदाब वाढणे, अंगावर सूज, बाळ आडवे असणे, रक्त उतरणे या गोष्टी ज्या दोन तपासण्यांत कळायच्या, त्या तिसरी आणि चौथी नेमक्या फडावरच्या काळात येतात. लोहाच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या असतात. गावातून निघताना मिळालेले पाकीट संपले की पुढचे कोण देणार, याचे उत्तर ठरलेले नाही. गावच्या आशाताईच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ असते आणि तळाजवळच्या आशाताईच्या यादीत ती नसतेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय देशभर आहे. कोणत्या तळावर किती गरोदर स्त्रिया आहेत हे आरोग्य केंद्राला कळले, तर त्या एका दिवशी एक गाडी पाठवून त्या सगळ्यांना नेऊन आणता येईल. ही माहिती कारखान्याच्या शेतकी कार्यालयापर्यंत सहज पोहोचू शकते, कारण कोणत्या फडात कोणती टोळी आहे हे तोडीच्या पावत्या देणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयला रोज माहीत असते.

लपवालपवीचे एक मोठे कारण वयाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे. पूर्ण कोयता होण्यासाठी जोडी लागते, पाच महिने मुलीला गावात एकटे कसे ठेवायचे हा घोर असतो, आणि दोन्ही गोष्टी लवकर लग्नाकडे ढकलतात. सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात गेली तर डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे तिला नेतच नाहीत, किंवा वय वाढवून सांगतात. ज्या मुलीच्या बाळंतपणात धोका सर्वांत जास्त, तीच तपासणीपासून सर्वांत दूर राहते. बालविवाह रोखायचा तर हंगामी वसतिगृहे लागतात. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आहे, आणि मुलींची वसतिगृहे जितकी भरतील तितकी लग्ने लांबतील. पण जिचे लग्न आणि गर्भधारणा दोन्ही होऊन गेलेली आहेत, तिला उपचार मिळालेच पाहिजेत.

बाळंतपण कुठे होईल हे शेवटपर्यंत ठरत नाही. कळा दिवसा सुरू झाल्या आणि जवळ रस्ता असला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. उसाच्या रानात मात्र पत्ता सांगणेच अवघड असते. परगावचे जोडपे शिवाराचे नाव सांगू शकत नाही, फार तर ऊस ज्याचा त्या शेतकऱ्याचे नाव सांगते. बेळगावच्या बाजूला गेलेल्यांपुढे भाषेचीही अडचण येते. सरकारी दवाखान्यात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण हे सगळे २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. बाई कोणत्या जिल्ह्याची, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे माहीत नसल्यामुळे काही जोडपी जवळच्या खासगी दवाखान्यात जातात आणि मुकादमाकडून आणखी पैसे घेतात, जे पुढच्या हंगामाच्या उचलीत चढतात. काही बाळे कोपीतच जन्मतात, टोळीतल्या अनुभवी बाईच्या हातांवर.

त्यानंतरचे दिवस कायद्याच्या पुस्तकात आणि फडात फार वेगळे आहेत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे, प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई केली आहे. पण फडावर मालक कोण? कारखाना म्हणतो, करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, आपणच कारखान्याचे देणेकरी आहोत. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या ऊसबिलातून वजा होतो, टोळी आपण आणलेली नाही. तिघांचेही म्हणणे कागदावर खरे आहे, आणि बाळंतीण आठ-पंधरा दिवसांत फडाच्या कडेला झोळी बांधून पुन्हा मोळ्या बांधू लागते. बाळाला जन्मतः द्यायच्या लसी राहून जातात. जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांत आशाताईने घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचे असते, त्या भेटी कोणत्याच गावात होत नाहीत. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे २१ दिवसांत व्हावी लागते. टोळी तोवर दुसऱ्या तळावर गेलेली किंवा गावी परतलेली असते. ऑक्टोबर २०२३ पासून शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार झाला आहे. मातृवंदना योजनेचा दुसरा हप्ताही जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्याशिवाय मिळत नाही. ज्या बाळाला हा पैसा सर्वांत गरजेचा, त्याच्या आईचा हप्ता अशा रीतीने अडकतो.

पहिल्या बाळंतपणातली ही हेळसांड तिथेच थांबत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास ही त्यांची दुखणी होती. लवकरचे लग्न, विश्रांतीविना झालेली बाळंतपणे, उपचाराविना राहिलेले संसर्ग आणि खाड्याची धास्ती यांतून ती साचत गेली. पिशवी काढून टाकली की खाडे थांबतील, हा विचार पंचविशी-तिशीतल्या बाईच्या मनात येतो तो काही वर्षांच्या अनुभवानंतर. त्या अनुभवाची सुरुवात पहिल्या बाळाच्या वेळी झालेली असते.

या सगळ्याचा संबंध साखर आयुक्तालयाशी येतो तो गाळप परवान्यामुळे. आरोग्य खात्याचे अधिकारी जिल्ह्याच्या हद्दीत बांधलेले आहेत आणि कामगार खात्याला मालक सापडत नाही. राज्यातला प्रत्येक साखर कारखाना मात्र, सहकारी असो वा खासगी, १९८४ च्या आदेशाप्रमाणे दर हंगामापूर्वी आयुक्तांच्या परवान्यासाठी थांबलेला असतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना अडवता येतो, आणि तो अडवला गेल्यावर थकीत रकमा निघाल्याचा अनुभव आहे. त्याच परवान्याला गरोदर तोडणी कामगारांविषयी काही अटी जोडता येतील.

पहिली अट नोंदीची असावी. कारखान्याने टोळ्यांशी करार करताना जोडप्यातल्या दोघांची नावे स्वतंत्र लिहावीत. गरोदर स्त्रीच्या माता-बाल संरक्षण कार्डावरचा नोंदणी क्रमांक आणि प्रसूतीची अंदाजे तारीख तिच्या संमतीने शेतकी कार्यालयाने घ्यावी आणि तळाची जागा बदलेल तशी ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी. या नोंदीचा उपयोग तिला कामावरून काढून टाकण्यासाठी होण्याची भीती खरी आहे. म्हणून तिच्याच जोडीला दुसरी अट हवी: गरोदर आणि बाळंत स्त्रीच्या गैरहजेरीचा, तसेच तिला दवाखान्यात नेणाऱ्या नवऱ्याच्या गैरहजेरीचा खाडा कोणत्याही करारात ग्राह्य धरला जाणार नाही, आणि त्या कारणाने उचल ताबडतोब परत मागता येणार नाही. पाचव्या महिन्यापासून भरणीचे काम तिला देऊ नये, हेही तिथेच लिहिता येईल.

पैशांची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मुळात अडचण पैशांची आहे. स्वर्गीय गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढीच रक्कम सरकारकडून देण्याचे ठरलेले आहे. राज्यात साधारण हंगामात नऊ-दहा कोटी टन ऊस गाळला जातो. कारखान्यांचाच वाटा नव्वद ते शंभर कोटी रुपये होतो. दर हंगामाला फडावर पाच हजार गरोदर स्त्रिया आहेत असे समजले आणि प्रत्येक जोडप्याला चाळीस हजार रुपये बुडीत मजुरी द्यायची ठरवली, तरी वीस कोटी लागतील. ही रक्कम मिळाली तर आठव्या महिन्यात थांबणाऱ्या मुलीची उचल फिटते, नवऱ्याला आठ-पंधरा दिवस तिच्याजवळ राहता येते आणि बाळाला पहिले सहा आठवडे आईची ऊब सलग मिळते. शेतकऱ्याच्या ऊसबिलाला यात हात लावावा लागत नाही. रक्कम मुकादमामार्फत न देता मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात गेली पाहिजे, आणि खाते नसेल तर ते उघडून देणे ग्रामसेवकाकडे होणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्र-नोंदणीबरोबरच व्हावे.

तळांवर आडोसे, संडास आणि पाण्याची टाकी ही कामे कारखान्यांच्या आवाक्यातली आहेत. तळाच्या जागेला क्रमांक देऊन तो तिथल्या पाटीवर आणि १०८ च्या यंत्रणेत नोंदवला, तर रात्री फोन करणाऱ्या नवऱ्याला शिवाराचे नाव शोधत बसावे लागणार नाही.

गाळप परवान्यांची प्रक्रिया टोळ्या निघण्याआधी सुरू होते. त्या वेळी पुढच्या मार्चमध्ये बाळंत होणाऱ्या मुली तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, अजून आपल्या गावातच असतात. उचल घेतली गेलेली असली तरी करार कारखान्याकडे यायचे असतात. परवान्याच्या अर्जात या अटींचा रकाना त्याच काळात असला पाहिजे.